हिरकणी घाबरली होती, पण तो संघर्ष होता का? नववीच्या वर्गातलं एक प्रकरण

रायगड जिल्ह्याच्या डोंगराकडच्या बाजूची अनुदानित शाळा, मराठी माध्यम, नववीचा वर्ग. निम्म्याहून जास्त मुलं आजूबाजूच्या वाड्यांवरून येतात, काही चालत, काही एसटीने, आणि बऱ्याच जणांचे वडील मुंबई-पनवेलकडे कामाला असतात. मी या वर्गाला मराठी शिकवते. घटक चाचणीतली तीन मार्कांची एक कृती, तिला मुलांनी दिलेली उत्तरं आणि त्यानंतर वर्गात जे जे झालं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हा घटक शिकवणाऱ्या बऱ्याच जणांच्या वर्गात हेच होत असणार असं मला वाटतं.

चाचणीत मी पुस्तकाबाहेरचा उतारा दिला होता, हिरकणीची गोष्ट, अर्ध्या पानात. खाली कृती अशी, हिरकणीचा बाह्य संघर्ष आणि अंतर्गत संघर्ष ओळखून लिहा. हिरकणी मुद्दाम घेतली, कारण आमच्या मुलांनी रायगड पाहिलेला असतो, रोपवे जिथून सुटतो ती हिरकणीवाडी माहीत असते, एसटी स्टँडवर हिरकणी कक्षाची पाटी येता-जाता दिसते, त्यामुळे गोष्ट समजून घेण्यात वेळ जाणार नाही आणि सगळं डोकं प्रश्नावर लागेल असा माझा हिशोब होता.

उत्तरं जवळपास सगळी एकसारखी आली. बाह्य संघर्ष: बंद दरवाजे, अंधार, उंच कडा, काटेकुटे. अंतर्गत संघर्ष: भीती, काळजी, माया, वात्सल्य. शब्दांचा क्रमसुद्धा तोच. थोडी चौकशी केल्यावर कळलं की एका गाईडच्या पानाचा फोटो मुलांच्या मोबाईलवर फिरत होता आणि त्यात व्याख्या होती की पात्राच्या मनातल्या भावना म्हणजे अंतर्गत संघर्ष आणि पात्राच्या बाहेर घडणाऱ्या गोष्टी म्हणजे बाह्य संघर्ष. पोरांनी ती व्याख्या प्रामाणिकपणे लावली, बाहेरचं बाहेर टाकलं, आतलं आत टाकलं, झालं. यात मुलांचा काही दोष आहे असं मला वाटत नाही, दिलेल्या व्याख्येप्रमाणे त्यांचं उत्तर बरोबरच आहे, व्याख्याच चुकीची आहे.

स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, मॅडम, पेपर तपासणारा याला पूर्ण मार्क देणार, मग तुम्ही कशाला खोलात जाताय. त्यांचं म्हणणं परीक्षेपुरतं खरंही आहे. पण मला जे टोचत होतं ते मार्कांचं नव्हतंच. भीती ही एक भावना आहे आणि काळजी ही दुसरी भावना, आणि भावना तर प्रत्येक गोष्टीतल्या प्रत्येक पात्राला असते, मग या व्याख्येने जगातल्या सगळ्या गोष्टींचं उत्तर एकच येतं, भीती काळजी माया. पात्राने असं का केलं, दुसरं काही का नाही केलं, हे विचारायची जागाच राहत नाही. आणि गोष्ट वाचायची ती त्याचसाठी ना.

मग मी शांतपणे बसून बघितलं की गोंधळ नेमका कुठे होतोय. एक तर व्याख्या, ती सांगितलीच. दुसरं कारण आपल्या कृतिपत्रिकेच्या सवयीत आहे. चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, असं मुलं पाचवीपासून करत आलेली असतात आणि चौकटीत एक शब्द मावतो. चौकटी वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, माहिती शोधायला त्या छानच आहेत, पण संघर्ष एका शब्दात मावतच नाही, त्याला कमीत कमी दोन टोकं लागतात. रस्सीखेच एका बाजूने होत नाही, तसंच. "भीती" लिहिलं की दोराचं एकच टोक दिसतं, पलीकडून कोण ओढतंय ते दिसत नाही. आणि तिसरं कारण या गोष्टीपुरतं, की हिरकणी उतरली हे सगळ्यांना आधीच माहीत आहे, बुरूज बांधला हेही माहीत आहे, त्यामुळे ती कड्यावर उभी होती तेव्हा तिच्यापुढे दुसरीही वाट होती हे मुलांच्या मनातच येत नाही.

पुढच्या तासाला व्याख्या फळ्यावर लिहिलीच नाही. आधी गोष्ट परत एकदा मुलांकडूनच सांगून घेतली. शिवाजी महाराजांच्या काळातली ही आख्यायिका, गडाखालच्या वाडीतली गवळण हिरकणी कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला रायगडावर आली, उशीर झाला, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी सोडलं नाही, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कड्यावरून उतरून गेली, आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधून घेतला, तोच हिरकणी बुरूज. मी एवढंच विचारलं, हिरकणीला काय हवंय? घरी जायचंय, असं सगळे म्हणाले. का? बाळासाठी. बरं, मग तिला कोण किंवा काय अडवतंय, एकेक सांगा. दरवाजा, पहारेकरी, कडा, काटे, अंधार, जनावरं, सगळं फळ्यावर आलं. आणि मग एक नियम ठेवला, यातली एकेक गोष्ट पुसून बघायची आणि विचारायचं की ही नसती तर हिरकणी सहज घरी पोचली असती का, निदान तिची वाट सोपी झाली असती का. फरक पडत असेल तर तो अडथळा आणि त्याच्याशी तिचा संघर्ष आहे, फरक पडत नसेल तर ते नुसतं वातावरण.

काटे पुसले, मुलं म्हणाली काही फरक नाही, आमच्या पायात रोज जातात. दरवाजा पुसला, गोष्टच संपली. कडा पुसला, तर उतरण्यात मर्दुमकी कसली. मग अंधारावर आलो आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तासभर खिडकीतून बाहेर बघत असतो, तो म्हणाला, मॅडम कोजागिरी होती ना, मग अंधार कुठला, चांदणं असणार.

हे मला फार आवडलं. सबंध वर्गाने गाईडमधला अंधार उतरवून काढला होता आणि गोष्टीतच कोजागिरी लिहिलेली आहे, आश्विनातली पौर्णिमा, आपण दूध आटवून चांदण्यात ठेवतो ती. काही मुलं लगेच म्हणाली मग अंधार खोडा. पण एक मुलगी म्हणाली थांबा, चंद्र उगवतो पूर्वेला, आणि बुरूज गडाच्या कुठल्या बाजूला आहे? सहलीचे फोटो काढले, नकाशा काढला, हिरकणी बुरूज गडाच्या पश्चिमेकडे. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळतानाच पूर्वेला उगवतो, म्हणजे रात्रीच्या पहिल्या पहरात रायगडासारख्या मोठ्या गडाची सावली त्याच्या पश्चिमेच्या कड्यावर पडलेली असणार, गडमाथ्यावर दुधासारखं चांदणं आणि ती जिथून उतरतेय तिथे काळोख. चंद्र बराच वर आल्याशिवाय त्या अंगाला उजेड नाही. पोरं एकदम गप्प झाली कारण हे सगळ्यांना डोळ्यासमोर दिसलं, आमच्याकडे डोंगराच्या सावलीतल्या वाड्या आहेत, तिथल्या मुलांना चंद्र उशिरा दिसतो हे रोजचं आहे. मग गुरं चारायला जाणारा एक जण म्हणाला की आश्विनात गवत कमरेएवढं असतं, पाऊस नुकताच गेलेला असतो, कातळातून पाणी झिरपत असतं आणि शेवाळ वाळलेलं नसतं, पाय कुठे ठेवतोय ते दिवसासुद्धा दिसत नाही. अंधार फळ्यावर राहिला, पण आता तो पाठ केलेला शब्द नव्हता, त्याखाली मुलांनी स्वतः लिहिलं, सावलीतला कडा, ओला कातळ, कमरेएवढं गवत. बाह्य संघर्ष शिकवायचा म्हणजे हेच असं माझं ठाम मत आहे, की अडथळा इतका नीट बघायचा की तो कुणाला नेमका कसा अडवतो हे सांगता आलं पाहिजे. आख्यायिकेत असले तपशील नाहीत आणि गोष्ट खरीच अशी घडली असा आमचा दावाही नाही, पण गोष्टीने तिथी आणि जागा दिलेली आहे आणि त्या दोन्हींवरून एवढा विचार करायचा हक्क वाचकाला आहे.

पहारेकऱ्यावरून वाद झाला. काही जण म्हणाले तो व्हिलन आहे, माणूस विरुद्ध माणूस असा संघर्ष. पण पुसून बघायचा नियम लावल्यावर गंमत झाली, हा पहारेकरी पुसला तर दुसरा येणार, तोही दरवाजा उघडणार नाही, कारण हुकूम आहे. म्हणजे हिरकणीची लढाई त्या माणसाशी नाहीच, ती राजधानीच्या शिस्तीशी आहे. आणि ती शिस्त काही दुष्टपणाची नाही, रायगड राजधानीचा गड, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तो इथेच, संध्याकाळी दरवाजे बंद होणारच. बाह्य संघर्षात समोरचा वाईट असलाच पाहिजे असं नाही, हे त्या दिवशी मला सांगावं लागलं नाही. संघर्षाचे प्रकार पाठ करून घेण्याची पद्धत आहे, माणूस विरुद्ध माणूस, विरुद्ध निसर्ग, विरुद्ध समाज वगैरे, ती यादी मी शेवटी दिली आणि तीही धावती. आधी दिली असती तर पहारेकरी पहिल्या खान्यात जाऊन पडला असता आणि ही चर्चा झालीच नसती.

आता आतली बाजू. इथे खरी अडचण होती. मी विचारलं, हिरकणीला घरी जायचंय हे झालं, आणखी काय हवंय तिला? वर्ग गप्प. कुणीतरी परत भीती म्हणालं. मी म्हटलं भीती वाटते म्हणजे काहीतरी गमवायचं नाहीये, काय गमवायचं नाहीये? जीव, असं दोघा-तिघांनी म्हटलं. मग लिहिलं, एकीकडे बाळाकडे जायचंय, दुसरीकडे जीव वाचवायचाय. हे आधीपेक्षा चांगलं होतं, दोन टोकं आली, आणि मी इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण पहिल्या बाकावरची एक मुलगी, तिच्या घरी लहान भाऊ आहे, तिला ते पटेना. ती म्हणाली मॅडम, स्वतःच्या जिवाचं तिला काही नसणार, पण ती कड्यावरून पडली असती तर त्या बाळाला कोण होतं? एक रात्र रडलं असतं बाळ, शेजारीण असतेच की, सकाळी दरवाजा उघडला असता. ती गेली असती तर कायमचंच उपाशी.

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. कारण गाईडमध्ये एका बाजूला भीती आणि एका बाजूला माया अशी जोडी आहे आणि मोठी माणसंसुद्धा अशीच मांडणी करतात, पण या मुलीने दाखवलं की दोन्ही बाजूला बाळच आहे. बाळाच्या भुकेसाठी उतरायचं आणि त्याच बाळासाठी उतरायचं नाही. अंतर्गत संघर्षाचं याहून नेमकं उदाहरण माझ्याकडे नव्हतं.

पण लगेच पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं, आणि तो मुलांना जरा कडू लागला. हे गोष्टीत कुठे लिहिलंय? ओळ दाखवा. उतारा परत परत वाचला. कुठेच नाही. गोष्टीत हिरकणी थांबत नाही, मागे फिरत नाही, दोनदा विचार करत नाही, दरवाजा उघडत नाही म्हटल्यावर ती सरळ वाट शोधायला लागते. म्हणजे आख्यायिका जशी आपल्याकडे सांगितली जाते त्यात अंतर्गत संघर्ष जवळपास नाहीच. मागच्या बाकावरच्या मुलाने मधेच भर घातली की घालमेल झालीच असेल तर ती पहारेकऱ्याची, हुकूम मोडावा की या बाईला रडत ठेवावं, आणि हेही अगदी पटण्यासारखं, पण तेही गोष्टीत नाही.

म्हणून फळ्यावर दोन रकाने केले, "गोष्टीत आहे" आणि "असू शकतं". दुसरा रकाना कमी दर्जाचा नाही हे मी स्पष्ट सांगितलं, हिरकणीवर नाटक लिहायचं, सिनेमा काढायचा तर लेखक त्या दुसऱ्या रकान्यातच काम करणार, पहारेकऱ्याला दोन वाक्यं देणार, हिरकणीला कड्याच्या टोकावर एक क्षण थांबवणार. पण संघर्ष ओळखा असं विचारल्यावर पहिला रकाना लागतो आणि त्याला पुरावा लागतो. आणि आख्यायिकेत आतला संघर्ष नसणं ही काही तिची उणीव नाही. ती एका कृतीची गोष्ट आहे, आईने काय केलं याची, तिने किती विचार केला याची नाही, आणि कदाचित म्हणूनच ती इतकी टिकली. माझ्या चाचणीतल्या प्रश्नाचं सगळ्यात बरोबर उत्तर "या उताऱ्यात अंतर्गत संघर्ष स्पष्ट दिसत नाही" हे होतं आणि ते लिहायची मुभा आपल्या मुलांना कधी वाटतच नाही, प्रश्न आलाय म्हणजे उत्तर असणारच हे त्यांनी धरलेलं असतं.

मग पुरावा शिकवायचा कसा? मनातलं दिसत तर नाही. त्यासाठी गोष्ट अशी हवी होती जिच्यात आतला ताण कृतीत उतरलेला आहे. मी साने गुरुजींच्या "श्यामची आई"मधलं पोहण्याचं प्रकरण घेतलं. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, पण गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं, म्हणजे विहिरी, पाऊस, पोहायला शिकणं हे सगळं आमच्या मुलांच्या ओळखीचं. श्याम पाण्याला घाबरून घरात लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर जायला लावते, आणि नंतर तीच आई त्याला समजावते की तुला कुणी भित्रं म्हटलेलं मला सहन होणार नाही.

बाह्य संघर्ष मुलांनी पटकन सांगितला, श्याम विरुद्ध आई, श्याम विरुद्ध विहिरीचं पाणी. आतला विचारल्यावर सगळे श्यामकडे गेले. मी म्हटलं बघा, श्यामला काय हवंय, नाही जायचं, दुसरं काय हवंय? इथे मुलं अडली आणि बरोबरच अडली, कारण लपून बसलेल्या श्यामला त्या क्षणी एकच गोष्ट हवी आहे, पोहायला जायचं नाही. त्याची भीती मोठी आहे, पण दोर एकाच बाजूने ओढलेला. भीती आहे आणि अंतर्गत संघर्ष नाही, याचं हे स्वच्छ उदाहरण. मग आईकडे वळलो. ती मारते, आणि नंतर जवळ घेते. एका माणसाच्या दोन कृती एकमेकींच्या उलट दिशेला जातायत. का? मुलांनीच सांगितलं, तिला लेकराला दुखवायचं नाहीये आणि त्याला भित्रा राहू द्यायचं नाहीये. ओळ दाखवा म्हटल्यावर दोन्हीकडच्या ओळी सापडल्या. त्या तासानंतर वर्गात एक सवय लागली की पात्र स्वतःच्याच उलट वागताना दिसलं की तिथे खूण करायची. बोलता बोलता गप्प होणं, नाही म्हणून थोडंसं हो म्हणणं, उगाच जास्त रागावणं, निघून परत येणं. अशा जागी आतलं काहीतरी बाहेर आलेलं असतं.

शेवटी कसोटी म्हणून कर्ण दिला, आणि गाईडमध्ये त्याचं तयार उत्तर नव्हतं हे मी बघून घेतलं होतं. महाभारतातल्या उद्योगपर्वातला प्रसंग, माझ्या शब्दांत पाऊण पान. कृष्णाची शिष्टाई फसलेली, तो जाताना कर्णाला रथात घेतो आणि सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. ज्यांनी वाढवलं ते अधिरथ आणि राधा, ज्याने मैत्री दिली आणि भरवसा ठेवला तो दुर्योधन, त्यांना सोडणार नाही. मग गंगेच्या काठावर कुंती स्वतः येते. तिलाही तो नाही म्हणतो, पण तिला एक वचन देतो की अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, म्हणजे तुझे पाच मुलगे पाचच राहतील.

वर्गात दोन तट पडले. एक म्हणे कर्णाचा निर्णय आधीच पक्का आहे, तो दोन्ही वेळा नाही म्हणतो, हिरकणीसारखंच, मग अंतर्गत संघर्ष कुठे. हा मुद्दा चांगला आहे आणि मी तो खोडून काढला नाही. दुसऱ्या तटाने बराच वेळ वाक्यं शोधली आणि त्यांना ते वचन सापडलं. एका मुलाने लिहिलेलं उत्तर जवळजवळ तसंच देते: "कर्णाला दुर्योधनाशी बेइमानी करायची नाही पण कुंती आई आहे हे कळल्यावर त्याला भाऊ मारायचे पण नाहीत. तो नाही म्हणाला असं वाटतं पण त्याने चार भाऊ सोडून दिले. जर त्याच्या मनात काहीच नसतं तर त्याने चार पण सोडले नसते." हाच तो मुलगा ज्याने चाचणीत भीती काळजी माया लिहिलं होतं. शुद्धलेखनात चार चुका होत्या, त्या मी वेगळ्या सांगितल्या, पण "नसतं तर नसते" हे जे त्याने केलंय ना, पुरावा धरून मागे मनापर्यंत जाणं, ते मला दहावीच्या स्वमतातसुद्धा फार कमी दिसतं. आणखी एका मुलीने पकडलं की कर्ण कृष्णाला सांगतो हे युधिष्ठिराला कळू देऊ नको, आणि तिचं म्हणणं की ज्याला काहीच वाटत नाही तो अशी काळजी कशाला घेईल. पहिल्या तटाचं सगळं समाधान झालं नाही, एक जण अजूनही म्हणतो की वचन ही कुंतीला दिलेली भीक आहे, मनातली ओढ नव्हे. त्याने त्याच्या बाजूने ओळ दाखवली, त्यामुळे त्यालाही पूर्ण मार्क.

सगळं जमलं असं अजिबात नाही. बऱ्याच मुलांचं सुधारलं, पण काही जण नव्या साच्यात अडकले. आधी भीती लिहायचे, आता प्रत्येक पात्राला "एकीकडे हे, दुसरीकडे ते" लावतात, गोष्टीतल्या कुत्र्यालासुद्धा. त्यांना ओळ दाखवा म्हटलं की गप्प बसतात, म्हणजे पुरावा मागणं सोडून चालणार नाही, दर वेळी मागावा लागतो. जी मुलं वाचनातच अडखळतात त्यांच्यासाठी उतारा मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय यातलं काहीच होत नाही, त्यांना तोंडी विचारलं की उत्तम सांगतात, पुसून बघायच्या खेळात तर हीच मुलं पुढे होती. लेखी उत्तर मात्र अजून दोन शब्दांचंच येतं.

एक गोष्ट मी जाणूनबुजून टाळली. तुमच्या आयुष्यातला अंतर्गत संघर्ष सांगा, असा स्वाध्याय बरेच शिक्षक देतात. मला तो वर्गासमोर विचारण्यासारखा वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या घरात काय काय चाललेलं असतं, कुणाचे वडील सहा-सहा महिने येत नाहीत, कुणाचं पुढचं शिक्षण थांबवायचं घाटतंय, आणि तीन मार्कांसाठी ते चाळीस जणांसमोर मांडायला लावणं बरोबर नाही. पात्राच्या आडून बोलता येतं हाच तर गोष्टीचा मोठा उपयोग आहे. एका मुलीने आपणहून वहीच्या मागच्या पानावर पहारेकऱ्याच्या तोंडून अर्धं पान लिहिलं होतं, त्यात तो म्हणतो की माझी पण बायको खाली गावात आहे आणि मी पण सणाला घरी गेलो नाही. ते मी वाचलं, खाली "हे पुढे लिही" एवढंच लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं नाही.

मार्कांची पद्धत मात्र बदलली, कारण तपासताना जे मोजलं जातं तेच मुलं शिकतात. आता तीन मार्क असे देते, पात्राला काय हवंय यासाठी एक, त्याच्या आड काय येतंय यासाठी एक, ते बाहेरचं असेल तर ते कसं अडवतं आणि आतलं असेल तर दुसरी ओढ कोणती हे दोन्ही चालतं, आणि उताऱ्यातली ओळ किंवा कृती दाखवण्यासाठी एक. नुसतं भीती किंवा काळजी लिहिलं तर अर्धा. आणि "अंतर्गत संघर्ष दिसत नाही, कारण..." असं कारणासकट लिहिलं तर पूर्ण. हे चाचणीच्या आधी फळ्यावर लिहून ठेवते, लपवाछपवी नाही. बोर्डाच्या पेपरात तपासणारा वेगळा असेल, त्याला भीती काळजी माया चालेल, हे मुलांनाही सांगितलंय, पण दोन टोकं आणि एक ओळ असलेलं उत्तर कुठल्याही तपासणाऱ्याला कमी वाटणार नाही, त्यामुळे यात त्यांचं नुकसान काही नाही.

पुढच्या सत्रात हेच आठवीला घेणार आहे. तिथे कर्णाऐवजी त्यांच्या पुस्तकातलाच एखादा पाठ घेईन आणि सुरुवात परत पुसून बघण्यापासूनच, कारण आतलं शोधायच्या आधी बाहेरचा अडथळा नीट पाहायची सवय लागली तरच मुलं आतल्यासाठी पुरावा मागायला लागतात असं या वर्गात दिसलं. नववीतला तो कर्णवाला मुलगा आता कुंतीच्या बाजूने उतारा मागतोय, ती मुलाकडे आली ती कर्णासाठी आली की बाकीच्या पाचांसाठी, असा त्याचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी पुरेसा मोठा उतारा मी तयार करतेय.